दोन एलिव्हेटर होती, एक राहिलं

आमच्या गावात एलिव्हेटर म्हटलं की लिफ्ट कोणाच्या डोक्यातच येत नाही. इथे एलिव्हेटर म्हणजे रेल्वेलाईनच्या कडेचं ७०-८० फूट उंच लाकडी धान्याचं कोठार, वर अजून एक छोटं घर ठेवल्यासारखं डोकं, आणि ते लांबून लांबून दिसतं कारण मधे अडवायला काहीच नाही, डोंगर नाही, झाडी नाही, नुसतं रान. मी कॅनडात सस्कॅचेवानच्या नैऋत्य भागात राहते, स्विफ्ट करंट शहरापासून गाडीने सव्वा तास, वस्ती चारशेच्या आसपास, तिथल्या फार्मसीत मी काम करते. २०१७ च्या नोव्हेंबरात आम्ही इथे आलो, पहिल्याच आठवड्यात बर्फाच्या वाऱ्यात रस्ता कुठला शेत कुठलं कळेना, तेव्हा नवरा म्हणाला ती दोन कोठारं दिसतायत ना, त्यांच्या रोखाने चल. तसेच घरी पोचलो. तेव्हापासून ती दोन कोठारं म्हणजेच माझ्यासाठी गाव.

त्यातलं एक आज उभं आहे, त्यासाठी चार वर्षं गेली. दुसरं गेलं. रेजायना, सॅस्कटून या इथल्या शहरांतले आपले लोक भेटले की विचारतात तुला काय पडलंय त्याचं, तू कुठे इथली, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

मला काय पडलंय ते आधी सांगते. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. घरात बळद होतं, आजीच्या काळात अंगणात पेवही होतं, ज्वारी त्यात उतरवायची आणि वर्षाने काढायची. मी लहान असताना अण्णा, म्हणजे माझे वडील, तूर-हरभरा घेऊन तालुक्याला अडतीवर जायचे आणि रात्री परत आले की आई भाव काय लागला हे नंतर विचारायची, आधी विचारायची कडता किती कापला. बारदान्याचं वजन, मातेरं, ओल, कशाच्या ना कशाच्या नावाखाली क्विंटलमागे किलो-दोन किलो जायचेच आणि त्याची कुठे नोंद नसायची. पिकवणाऱ्याच्या हातातलं धान्य ज्या जागी दुसऱ्याच्या हातात जातं, तो काटा, ती चाळणी, तिथे काय होतं त्यावर घरात यंदा काय येणार आणि काय राहून जाणार ते ठरायचं. एलिव्हेटर ही नेमकी तीच जागा आहे. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं, मला ते फक्त सुंदर दिसायचं, बाकीचं सगळं एजंट आजोबांनी शिकवलं.

एजंट आजोबा म्हणजे आमच्या गावातले शेवटचे एलिव्हेटर एजंट, सव्वीस वर्षं त्यांनी ते चालवलं. फार्मसीत आले की बसायचे गप्पा मारत. त्यांच्याकडून कळलं की आत यंत्र असं फार नसतंच. शेतकऱ्याची गाडी ड्राइव्हवेत, म्हणजे कोठाराच्या छपराखालच्या वाटेवर, चढते, तिथे जमिनीतच काटा, भरली गाडी तोलायची, माल खालच्या पिटात, म्हणजे खड्ड्यात, ओतायचा, रिकामी गाडी तोलायची, जो फरक येईल तो माल. पिटातून धान्य वर नेतं ते लेग, म्हणजे एक लांब पट्टा आणि त्याला ओळीने लावलेले कप, हुबेहूब आपलं रहाटगाडगं, फक्त पाण्याऐवजी गहू. एकदा ते टोकाला पोचलं की पुढचं सगळं काम धान्याचं स्वतःचं वजन करतं, वरून नळीने ज्या कप्प्यात पाहिजे त्यात सोडायचं, कप्प्यातून परत तोलून रेल्वेच्या डब्यात. हमाल नाही, पोतं नाही. आधीच्या दिवसांत पोत्यातून डबे भरायला दिवसच्या दिवस जायचे, रेल्वेला ते परवडेना म्हणून या इमारती आल्या. इथल्या प्रेअरीवरचं, म्हणजे या सपाट गवताळ मुलखातलं, पहिलं एलिव्हेटर १८७९ मध्ये मॅनिटोबात निव्हरव्हिलला उभं राहिलं, ते गोल होतं, आणि आता जो चौकोनी आकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो दोन वर्षांनी ग्रेटनाला. १९३३ च्या सुमारास ही संख्या ५,७०० च्या वर गेली होती. दर १०-१५ किलोमीटरला एक गाव आणि गावात एक, दोन, पाच एलिव्हेटर, कारण घोडागाडीत गहू भरून सकाळी निघालेला माणूस अंधार पडायच्या आत घरी परत यायला हवा, एवढंच त्यामागचं गणित. गावंच्या गावं त्या गणितावर वसली.

आणि ती बंद का पडली तेही त्याच गणितात आहे. ट्रक आले, रस्ते झाले, शंभर किलोमीटर माल न्यायला कोणाला काही वाटेना. रेल्वेने धान्य नेण्याचा सवलतीचा दर १८९७ च्या करारापासून चालत आलेला, त्याला इथले लोक क्रो रेट म्हणतात, तो १९९५ मध्ये संपला आणि मग छोट्या फाट्यावरच्या लाईन पटापट उखडल्या गेल्या, त्यांच्या जागी मोठ्या लाईनवर काँक्रीटची अवाढव्य टर्मिनल आली, एका वेळी शंभर-शंभर डबे भरणारी. आमच्या लाईनचे रूळ मी यायच्या आधीच गेले होते. दोन्ही कोठारं कंपनीकडून एका शेतकऱ्याने घेतली होती, बियाणं ठेवायला. पण त्यालाही नंतर स्टीलचे गोल बिन सोयीचे पडायला लागले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याने गावाला पत्र दिलं की विम्याचा हप्ता झेपत नाही, कोणी घेत असेल तर एका डॉलरला घ्या, नाहीतर मी पाडतोय.

कर्लिंग नावाच्या बर्फावरच्या खेळाची रिंक आहे, तिच्या स्वयंपाकघरात मीटिंग झाली. अकरा माणसं आली. त्यातले सहा जण पाडू नका म्हणायला आणि पाच जण आता सोडून द्या म्हणायला, आणि खरं सांगते, सोडून द्या म्हणणाऱ्यांचं बोलणं मला जास्त समजलं. एक बाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या छातीत ती धूळ गेली, मला त्या इमारतीबद्दल प्रेम वाटत नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही. धान्याच्या धुळीने फुप्फुसं जायची, ठिणगी पडली तर स्फोट व्हायचा, म्हणूनच तर इंजिन आणि ऑफिस वेगळ्या खोलीत, मधे अंतर ठेवून बांधायचे. मी त्या दिवशी नुसती ऐकायला गेले होते आणि येताना सेक्रेटरी होऊन आले, कारण माझं अक्षर आणि कागदपत्रं चांगली आहेत असं कोणीतरी म्हणालं आणि मी नाही म्हटलं नाही.

मग कागद सुरू झाले. कोणी असं काही करायच्या विचारात असेल तर मनापासून सांगते, लाकूड कुजण्याआधी माणूस कागदात कुजतो. इमारत शेतकऱ्याची, पण तिच्याखालची जमीन रेल्वे कंपनीची, रूळ नसले तरी. ती जमीन गावाच्या नावावर व्हायला चौदा महिने लागले, मी स्वतः एकोणतीस पत्रं लिहिली आणि प्रत्येक वेळी फोनवर नवीन माणूस आणि प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. दुसरीकडे संस्था रजिस्टर करणं, मग गावच्या कौन्सिलकडून ठराव करून म्युनिसिपल हेरिटेज प्रॉपर्टी म्हणून नोंद. ती नोंद झाल्याशिवाय प्रांताच्या हेरिटेज फाउंडेशनची ग्रँट मागता येत नाही, आणि ग्रँट मिळाली तरी तेवढेच पैसे आपण उभे करायचे. आणि विमा. तीन कंपन्यांनी सरळ नाही म्हटलं. रिकामी लाकडी इमारत, आत शंभर वर्षांची धूळ, कोण घेणार. त्यांना मी दोष देत नाही, कारण फ्लेमिंगचं उदाहरण सगळ्यांनाच माहीत आहे. सस्कॅचेवानच्या पूर्व टोकाला फ्लेमिंग गावात १८९५ चं एलिव्हेटर होतं, मूळ जागेवर उभं असलेलं कॅनडातलं सगळ्यात जुनं, लोक ते दुरुस्त करत होते, २०१० च्या फेब्रुवारीत कोणीतरी आग लावली आणि एका रात्रीत गेलं. चौथ्या कंपनीने विमा दिला पण अटी घातल्या, आत वीज नाही, हीटर नाही, सगळी धूळ आणि कबुतरांची घाण काढा, आणि बघायला येणाऱ्या माणसांना जमिनीच्या मजल्याच्या वर न्यायचं नाही.

कबुतरांची घाण. २०१९ च्या मे महिन्यात जमीन गावाच्या नावावर झाली आणि जूनमध्ये आम्ही आत शिरलो. वरच्या डोक्यात काच नव्हती, वीस वर्षं कबुतरं होती. वाळलेली विष्ठा साधी झाडायची नाही, धुळीबरोबर फुप्फुसात जाते आणि हिस्टोप्लाझ्मोसिस होऊ शकतो, त्यामुळे आधी पाण्याचा फवारा मारून ओली करायची, मग फावड्याने पोत्यात भरायची, तोंडावर कार्ट्रिजवाला रबरी मास्क, अंगावर कागदी सूट. बाहेर ३० डिग्री, सूटच्या आत किती असेल ते देवाला माहीत. वर जायचा रस्ता म्हणजे मॅनलिफ्ट, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढा लाकडी पिंजरा, दोरीने स्वतःला स्वतः ओढायचं, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं लावलेली. वजनं माणसाप्रमाणे कमी-जास्त करायची, नाहीतर हलका माणूस वर भिरकावला जातो आणि जड माणूस खाली. एका गाववाल्याने इंजिनीअरकडून ते तपासून घेतलं, नवी दोरी लावली, तरी मी पहिल्यांदा त्यात पाय ठेवला तेव्हा गुडघे थरथरत होते. चौदा शनिवार लागले. दोनशे तीस पोती निघाली, मोजून.

आणि त्या कामात मला ती भिंत दिसली. बाहेरून वाटतं की या इमारतीला उभ्या फळ्या मारल्यात, तसं नाही. आत फळ्या आडव्या, पुस्तकं एकावर एक रचावीत तशा सपाट टाकून वरून मोठे खिळे ठोकत ठोकत भिंत वर नेलेली, खाली आठ इंच रुंद, मग सहा, अगदी वर चार. त्याला क्रिब म्हणतात. कारण भरलेलं धान्य पाण्यासारखं बाहेर दाबतं, ३० हजार बुशेल गहू म्हणजे साधारण ८०० टन, उभ्या फळ्या फाकल्याच असत्या. एका रिकाम्या कप्प्यात मी टॉर्च घेऊन उतरले आणि भिंतीला हात लावला तर ती गुळगुळीत पण लाटालाटांची, वाळूवर पाणी ओसरल्यावर जशी नक्षी राहते तशी. डग्लस फर लाकूड, त्यात एक रेघ मऊ एक रेघ टणक असते. वर्षानुवर्षं गहू घासून घासून खाली गेला, मऊ रेघा झिजल्या आणि टणक उभ्या राहिल्या. नखाने मोजता येतात. रंधा नाही, पॉलिश नाही, नुसता गहू. आपल्याकडे जात्याच्या खुंट्याला हात लागून लागून जी झळाळी येते ना, ती मला आठवली, फक्त इथे सगळी भिंतच तशी. मी त्या कप्प्यात किती वेळ उभी होते मला माहीत नाही, वरून हाका मारायला लागले.

त्याच उन्हाळ्यात अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेली तेव्हापासून ते घरातून बाहेरच पडत नव्हते, म्हणून बोलावलं. पहिले आठ दिवस ते नुसते रस्त्याकडेच्या शेतात बघायचे, आणि नवव्या दिवशी म्हणाले, अगं ही मसूर आहे. मसूरच होती, हजारो एकर. आपल्याकडे दुकानात जी मसूरडाळ मिळते त्यातली कितीतरी इथून जाते, आणि हे सगळं गेल्या पन्नासएक वर्षांतलं, युनिव्हर्सिटी ऑफ सस्कॅचेवानच्या अल स्लिंकार्ड यांनी इथल्या हवेला चालणारी मसूर शोधायला सुरुवात केली, १९७८ मध्ये त्यांचं लेअर्ड नावाचं वाण आलं आणि गव्हाच्या रानात मसूर घुसली. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले म्हणजे आपल्या शिवारातलं पीक आपल्याआधीच इथे येऊन राहिलंय.

त्यांना एका शनिवारी मी एलिव्हेटरवर घेऊन गेले, त्यांना वर चढवणार नव्हतेच, म्हटलं खाली बसा. एजंट आजोबाही खालीच बसलेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मधे मी. आजोबांनी ऑफिसच्या खणातून गोल चाळण्या काढल्या, पाच-सहा, एकात एक बसणाऱ्या, कोणाची भोकं गोल, कोणाची लांबट, कोणाची तिकोनी. अण्णांनी एक चाळणी हातात घेतली आणि काही नसताना मनगटाने ती फिरवली, आणि आजोबा लगेच उठून उभे राहिले, खिळ्याच्या डब्यात कुठूनतरी गोळा झालेला मूठभर जुना गहू होता तो त्यांनी चाळणीत टाकला. मग तो खेळच झाला, अण्णा चाळतायत आणि आजोबा बोटाने बाजूला करतायत, हे तणाचं बी, हा फुटका दाणा, हे भूस. आजोबा सांगत होते की शंभर पौंडांत असं जेवढं निघेल त्याला डॉकेज म्हणतात, तेवढं वजनातून वजा करून पावतीवर लिहायचं. मी मराठीत म्हटलं, अण्णा हा यांचा कडता. अण्णांचा हात थांबला.

त्यांनी विचारलं, आणि शेतकऱ्याला पटलं नाही तर?

आजोबांनी सांगितलं, पटलं नाही तर दोघांसमोर नमुना घ्यायचा, पाकीट बंद करायचं आणि विनिपेगला सरकारी ग्रेन कमिशनकडे पाठवायचं, तिथला इन्स्पेक्टर ग्रेड आणि डॉकेज ठरवतो आणि तो आकडा एजंटलाही बंधनकारक आणि शेतकऱ्यालाही. १९१२ च्या ग्रेन ॲक्टपासून कमिशन आहे. अण्णांनी मला दोनदा विचारलं, एजंटलाही? म्हटलं हो, एजंटलाही.

हे काही वरून कोणी दिलेलं नव्हतं, तेही आजोबांनीच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. सुरुवातीला एलिव्हेटर कंपन्या आणि रेल्वे यांच्या हातात सगळं होतं, रेल्वे फक्त एलिव्हेटरवाल्यांनाच डबे द्यायची, शेतकऱ्याने स्वतः डबा मागितला तर नाही. १९०१ मध्ये पीक अमाप आलं आणि डब्यांअभावी उघड्यावर पडून राहिलं. त्या हिवाळ्यात इंडियन हेड नावाच्या गावात शेतकऱ्यांनी संघटना काढली आणि १९०२ मध्ये सिंटालुटा गावच्या रेल्वे स्टेशन एजंटवर केस केली की डबे मागणीच्या क्रमाने दिले नाहीत, आणि ते जिंकले, अगदी वरच्या कोर्टापर्यंत. शेतकऱ्याने स्वतःच्या नावावर डबा मागायचा हक्क तेव्हापासून पक्का झाला, त्याला प्रोड्यूसर कार म्हणतात आणि तो हक्क अजून आहे. नंतर १९२३-२४ ला मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या तिन्ही प्रांतांत व्हीट पूल, म्हणजे गहू पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्था, निघाले, शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीची एलिव्हेटर बांधली. आमचं जे राहिलंय ते व्हीट पूलचं आहे. अण्णा घरी येताना गाडीत म्हणाले, ही इमारत पाडू देऊ नको. एवढंच. त्याच्याआधी मी जे करत होते ते आवड म्हणून, त्यानंतर तसं राहिलं नाही.

आता ही इमारत वाचवून तिचं करायचं काय, यावर आमची खरी भांडणं झाली. लोक इंटरनेटवरून फोटो घेऊन यायचे, केप टाऊनला धान्याच्या सायलोत २०१७ मध्ये मोठं आर्ट म्युझियम उघडलं, ओस्लोत सायलोत विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे, ओक्लाहोमा सिटीत चढायच्या भिंती. सगळं खरं, पण ते सगळे काँक्रीटचे. लाकडी क्रिबमध्ये भिंत हीच रचना आहे, त्यात मनाला येईल तिथे खिडकी पाडता येत नाही, आत मजलेच नाहीत, खोल कप्पे आहेत, आणि माणसं वर न्यायची तर पळायचे दोन जिने लागतात. आम्ही तिघं-चौघं पदरचे पैसे घालून ठिकठिकाणी बघून आलो. मॅनिटोबात इंग्लिसला पाच एलिव्हेटर एका ओळीत अजून उभी आहेत, १९२२ मध्ये रेल्वे आल्यानंतरची, नॅशनल हिस्टॉरिक साईट आहे, ती ओळ बघून मला भरून आलं. सॅस्कटूनच्या वर हेपबर्नला गव्हाचं म्युझियम आहे. ब्रिटिश कोलंबियात डॉसन क्रीकला एलिव्हेटरच्या जोडकोठारात आर्ट गॅलरी केलीय, आतून गोल गोल चढत जाणारा रॅम्प, भिंतीवर चित्रं, तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हो, नव्या कामाने इमारत लहान होत नाही. पण आमच्याकडे ना तेवढा पैसा ना तेवढी माणसं. माझं म्हणणं मी मीटिंगमध्ये मांडलं की इथे तोलायचं काम व्हायचं, तर तोलायचंच काम राहू दे, ड्राइव्हवेत शनिवारचा बाजार भरवू आणि काटा चालू करू. तीन मीटिंगमध्ये ते पडलं, चौथ्यात पास झालं.

मधे कोविड आला, मीटिंग थांबल्या. त्यातच इंजिनीअरचा रिपोर्ट आला की दुसऱ्या कोठाराचा पश्चिमेकडचा पाया बसलाय, खालच्या दहा-बारा थरांत क्रिब सडलंय, वरचं वजन त्यावर झुकलंय, दुरुस्तीचा खर्च आमच्या सगळ्या जमा पैशांच्या चौपट. दोन्ही वाचवू म्हणत बसलो असतो तर दोन्ही गेली असती. हे आता लिहायला सोपं आहे, तेव्हा हात वर करताना दोघंजण रडत होते. आधी दीड महिना आतलं जे काढता येईल ते काढलं, काटा, लेगचे कप, नळ्या, कप्प्यांच्या आतल्या झिजलेल्या फळ्या, एकेका फळीत इतके खिळे की एक मोकळी करायला दोघांना अर्धा तास.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पाडलं. तो दुष्काळाचा उन्हाळा होता, पिकं गुडघ्याच्या खाली, वर्गणी मागायचीसुद्धा लाज वाटावी असं वर्ष. सकाळी दहाला एक्स्कॅव्हेटरने एका बाजूच्या खालच्या भिंती कुरतडायला सुरुवात केली, जवळजवळ सगळं गाव कुंपणापाशी, शाळेची मुलंपण. बराच वेळ काहीच होईना. मग लाकडाचा एक आवाज आला, मोठा नाही, लांबलचक, आणि ते अख्खंच्या अख्खं हळूहळू कललं आणि पडलं, आणि पडल्यावर तुकडे नाही झाले, आडवं होऊन तसंच्या तसं राहिलं. इतकं घट्ट बांधलेलं होतं. मग धूळ आली, आणि त्या धुळीला गव्हाचा वास होता. शेवटचा दाणा वीस वर्षांपूर्वी गेला असेल, तरी. छातीत धूळ गेली म्हणाल्या होत्या त्या बाई माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

त्याच्या फळ्यांतून आमच्या उरलेल्या कोठाराचा ड्राइव्हवे नव्याने झाला. काही फळ्या विकल्या, झिजलेल्या लाकडाला शहरात खूप मागणी आहे, टेबलं करतात, हॉटेलांच्या भिंतींना लावतात, त्या पैशात एका बाजूच्या देवदाराच्या शिंगल्स, म्हणजे बाहेरून मारायच्या पातळ लाकडी चिपा, आल्या. मला विकायचं जिवावर आलं होतं पण छप्पर गळत असताना फळ्या जपून ठेवण्यात अर्थ नव्हता. आजोबा म्हणायचे रिकामं कोठार आतून हरतं, रोज कोणीतरी दार उघडायला पाहिजे. मला ते पटलंय. बाहेरून रंग देऊन कुलूप लावलेली दोन-तीन आम्ही बघितली, लांबून छान, आत छप्परातून उजेड.

२०२२ च्या जूनमध्ये उघडलं. काटा चालू आहे, पण व्यवहारासाठी वापरायचा तर मेझरमेंट कॅनडा या वजनमापांच्या सरकारी खात्याची तपासणी लागते, ती आम्ही अजून करून घेतलेली नाही, त्यामुळे नुसतं दाखवायला. पहिल्या शनिवारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने स्वतःचा जुना ट्रक मुद्दाम आणून काट्यावर चढवला, आजोबांनी वजनाचा दांडा सरकवत सरकवत तोल साधला आणि पेन्सिलने पावती लिहून दिली, त्याने ती घडी करून टोपीत ठेवली. बाजार छोटाच असतो, आठ-दहा टेबलं, मध, बटाटे, ब्रेड, आणि एक जण स्वतःच्या शेतातली मसूर विकतो. मी महिन्यातून एकदा त्याच मसुरीची आमटी करून मोठ्या भांड्यात नेते, काळा मसाला घालून, काम करणाऱ्यांसाठी.

ऑफिसच्या भिंतीवर रंग द्यायचं ठरलं होतं, ते मी होऊ दिलं नाही. त्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं आहे, कुठल्या कप्प्यात कुठला गहू, पहिली गारपीट कधी, आणि एका कोपऱ्यात मुलांची वजनं, माल घेऊन आलेल्या बापाबरोबर पोरं यायची, त्यांना छोट्या काट्यावर उभं करून लिहायचे, त्याच मुलांतली दोघं आज कमिटीवर आहेत. २०१९ मध्ये जायच्या आधी अण्णांनाही आजोबांनी त्या काट्यावर उभं केलं होतं. १३७ पौंड. ते आकडे आजोबांच्या हातचे आणि शेजारी अण्णांनी स्वतः देवनागरीत नाव लिहिलंय, आडनावासकट, गावासकट. त्यावर आता काच बसवलीय.

सध्या उत्तरेकडची शिंगल्स राहिलीत, बाजूला परांची बांधून करायचं काम आहे, वारा कमी असलेले दिवस बघून मेमध्ये घेऊ. त्याच्याआधी एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की पिटात पाणी भरतं, मागच्या वर्षी गुडघाभर होतं, लेगचा खालचा भाग त्यात बुडला. यंदा पंप आधीच आणून ठेवलाय, रोज फार्मसी बंद केली की जाऊन बघून येते.